गाणे आमचे, शास्त्र कुणाचे?

दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आम्ही एक दृश्य पाहतो. पुस्तकांचे स्टॉल, कॅलेंडर, निळे झेंडे, रांगेत उभी असलेली लाखो माणसे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ढोलकी-पेटी घेऊन बसलेल्या गायन पार्ट्या. त्यांच्यासमोर हातात चांगला रेकॉर्डर घेतलेला एखादा संशोधक असतो. कधी परदेशी, कधी दिल्लीचा, कधी पुण्याचा. तो नम्र असतो, चहा पाजतो, प्रश्न विचारतो. "हे गाणे कुणी लिहिले? चाल कुठली? तुम्ही कधीपासून गाता?" आमचा गायक मनापासून सांगतो. दोन-तीन वर्षांनी त्या संशोधकाच्या नावापुढे डॉक्टर लागते. आमचा गायक पुढच्या ६ डिसेंबरला त्याच कोपऱ्यावर, त्याच पेटीसह बसलेला असतो.

आम्हाला त्या संशोधकाचा राग नाही. त्यातल्या काहींनी प्रामाणिक काम केले आहे. आमचा प्रश्न आमच्या तरुणांना आहे. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत संगीतशास्त्राच्या पीएच.डी.चे अर्ज भरण्याची मुदत डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत संपते. म्हणजे आपण चैत्यभूमीवर असतो, नेमके त्याच दिवसांत. त्या अर्जांच्या ढिगात आपल्या पोरापोरींचे अर्ज किती असतात? आणि नसतील तर का नसतात?

"गाण्यात काय पीएच.डी. करायची?"

पहिला अडथळा घरातच आहे, तो आधी बोलून टाकू. आमच्या वस्तीतल्या मुलाने वकिली, एमपीएससी, इंजिनीअरिंग म्हटले की सगळे पाठीवर हात ठेवतात. संगीतशास्त्र म्हटले की आई रडते आणि कार्यकर्ते हसतात. "गाणे तर आपण गातोच की! त्याला डिग्री कशाला?"

या हसण्यामागे एक जुनी जखम आहे, ती आम्ही नाकारत नाही. वाजवणे हे आपल्या लोकांवर लादलेले काम होते. गावच्या जत्रेत, पाटलाच्या लग्नात, मेलेल्याच्या पुढे हलगी वाजवायची आणि मोबदल्यात उष्टे घ्यायचे. चळवळीने सांगितले की ही कामे सोडा, आणि ते बरोबरच सांगितले. तमिळनाडूत पराईबाबत हाच वाद झाला. काहींनी ते वाद्य गुलामीची खूण म्हणून टाकले, काहींनी तेच हातात घेऊन मोर्च्यात वाजवले. दोन्ही बाजूंना स्वाभिमानच हवा होता.

पण सक्तीचे वाजवणे सोडणे वेगळे आणि संगीताचा विचार करण्याचा हक्क सोडणे वेगळे. पहिले सोडताना दुसरेही आपल्या हातून सुटले. वाजवण्याची सक्ती आपल्यावर होती, विचार करण्याची परवानगी मात्र कधीच नव्हती. वेद ऐकणाऱ्याच्या कानाचे काय करायचे, हे ज्या परंपरेने लिहून ठेवले, त्या परंपरेत शास्त्र कुणाचे आणि घाम कुणाचा, हे वेगळे सांगायला नको.

तबला, मृदंग, पखवाज यांच्यावर चढते ते कातडे. ते कमावणारे, ताणणारे, सुरात आणणारे हात कुणाचे? टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवर, त्यातल्या दलित ख्रिस्ती कुटुंबांवर, २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. त्याच्या प्रकाशनासाठी दिलेले सभागृह चेन्नईच्या कलाक्षेत्राने ऐनवेळी काढून घेतले. पुस्तकात गाईच्या कातड्याचा उल्लेख होता! मंचावर मृदंग चालतो, त्यावर थाप पडली की माना डोलतात, पण तो बनतो कसा हे उच्चारले की संस्कृती बुडते.

शब्द तुमचे, संगीत कुठे आहे?

आमचा एक मित्र मराठवाड्यातला. आजोबांची गायन पार्टी होती. घरात जुन्या कॅसेटचे दोन पेटारे. तो संगीतात एम.ए. झाला, नेट पास झाला आणि महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.च्या मुलाखतीला गेला. विषय घेतला होता भीमगीतांतील कव्वालीचा. समितीतल्या एका विद्वानाने विचारले, "यात संगीत काय आहे? हे तुम्ही मराठी विभागात न्या, नाहीतर समाजशास्त्रात." दुसऱ्याने विचारले, "तुमचे घराणे कोणते?" मित्र म्हणाला, "सर, आमच्या घराण्याची वस्ती गावाबाहेर आहे." जागा अर्थातच मिळाली नाही.

त्या पहिल्या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस विचार केला. तो प्रश्न अपमान करण्यासाठीच विचारला होता असे नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे. आमच्या गाण्यांवर आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक शब्दांवर. विद्रोह शब्दांत, जाणीव शब्दांत, इतिहास शब्दांत. चाल, ठेका, आवाजाची फेक, कोरसने ओळ उचलण्याची जागा, सवाल-जवाबात वाढत जाणारी लय, यांकडे कुणी बघितलेच नाही. म्हणजे आम्हाला दुःख आहे हे मान्य, राग आहे हे मान्य, पण आम्हाला संगीताची बुद्धी आहे हे मात्र अमान्य.

खरे तर प्रश्न किती आहेत बघा. कव्वालीचा साचा बौद्ध वस्त्यांत इतका का रुजला? सिनेमाची चाल घेऊन त्यावर भीमगीत बांधले की त्याला 'उचल' म्हणून नाक मुरडतात, मग ख्यालाच्या बंदिशी पिढ्यान्‌पिढ्या घेतल्या जातात त्याला 'परंपरा' का म्हणतात? ओळखीची चाल वापरल्याने निरक्षर श्रोत्यालाही गाणे एका ऐकण्यात पाठ होते, हे संगीताचे शास्त्र नव्हे काय? सत्यशोधक जलशाने आणि नंतर भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यात उलटा आशय भरला, तेव्हा लयीचे काय झाले? वामनदादा कर्डकांनी मुंबईत आल्यावर तरुणपणी अक्षरओळख करून घेतली आणि पुढे हजारो गीते लिहिली. लिहिता येण्याआधी त्यांच्या कानात काय होते? प्रल्हाद शिंदे भक्तिगीत गातात आणि भीमगीतही गातात, तर त्यांच्या गळ्यात फरक कुठे पडतो? पेटी जाऊन कीबोर्ड आला, मग डीजे आला, त्याने जयंतीच्या मिरवणुकीतला कोरस मारला की नवा कोरस जन्माला घातला? यातल्या एकेका प्रश्नावर एकेक प्रबंध उभा राहतो.

माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या म्हणून त्या आज ऐकायला तरी मिळतात. त्या ओव्यांतल्या स्वरांचा अभ्यास करायला माजलगावचीच एखादी नात का नसावी?

जे चांगले काम झाले त्याचे ऋण आम्ही मानतो. शर्मिला रेगे यांनी जलसे, गायन पार्ट्या आणि चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका यांना ज्ञानाचे दस्तऐवज मानले. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ च्या ग्रंथात मांडला आणि २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपली एक मुलगी तिथे पोहोचली, याचा अभिमान आहेच. पण रेगे समाजशास्त्राच्या आणि पाईक इतिहासाच्या, हेही ध्यानात घ्या. संगीतशास्त्राचे दार अजून आपण ठोठावलेलेच नाही.

शास्त्र आणि लोक: वर्णव्यवस्थेची दोन दालने

हे दार कसले आहे, तेही समजून घेऊ. संगीतशास्त्र ही आधुनिक विद्याशाखा म्हणून मांडली ती गीडो आडलर यांनी १८८५ साली. त्यांच्या आराखड्यात युरोपच्या संगीताला इतिहास होता, इतरांच्या संगीताची फक्त तुलना करायची होती. पुढे या दुसऱ्या दालनाला एथ्नोम्युझिकॉलॉजी हे नाव मिळाले. आजही अनेक विद्यापीठांत या दोन वेगळ्या शाखा असतात आणि अर्ज करताना त्यातली एक निवडावी लागते.

आपल्याकडे वेगळे काय आहे? एक 'शास्त्रीय', दुसरे 'लोक'. एकाला घराणी आहेत, ग्रंथ आहेत, नावे आहेत. दुसऱ्याला फक्त 'परंपरा' आहे, म्हणजे कर्त्याचे नाव नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली सोडून देशभर फिरून, मुसलमान उस्तादांकडून बंदिशी मिळवून, दहा थाटांत रागांची मांडणी केली. त्यांचे कष्ट मोठे होते. पण त्या इमारतीत उस्तादांचे काय झाले आणि हलगीवाल्याला खोली कुठे मिळाली, हा प्रश्न विचारायचा नाही काय?

इथे एक योगायोग सांगितला पाहिजे. १९१६ साली बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. हिंदुस्थानी संगीत हे शास्त्र कसे होईल, यावर तिथे खल झाला. त्याच वर्षी ९ मे रोजी, त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेला एक २५ वर्षांचा विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीच्या उगमावर निबंध वाचत होता. एकाच राजाच्या पैशातून दोन कामे झाली. एकात संगीत होते, जात नव्हती. दुसऱ्यात जात होती. शंभरहून अधिक वर्षे झाली, हे दोन कागद अजून एकमेकांशेजारी ठेवून वाचले गेलेले नाहीत. ते काम आपले आहे.

बाबासाहेब कोलंबियात 'माझ्या समाजाचे दुःख' सांगायला बसले नव्हते. जातीचा उगम आणि तिची यंत्रणा यांचा सिद्धांत ते मांडत होते. तिथे ते माहिती देणारे अस्पृश्य नव्हते, सिद्धांत मांडणारे विद्वान होते. गोपाळ गुरू यांनी २००२ साली समाजशास्त्रांबाबत हाच मुद्दा मांडला की सिद्धांत वरच्यांच्या वाट्याला आणि अनुभव खालच्यांच्या, ही वाटणीच विषमतेची आहे. संगीतात ती वाटणी आजही जशीच्या तशी चालू आहे.

तिकडच्या विद्यापीठांतही सगळे आलबेल नाही. फिलिप युवेल या कृष्णवर्णीय प्राध्यापकांनी २०१९ साली अमेरिकेतल्या संगीत-सिद्धांताच्या संघटनेपुढे भाषण केले आणि हे शास्त्र गोऱ्यांच्या चौकटीत कसे बांधले आहे ते दाखवले. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ७ पाठ्यपुस्तकांतली २,९३० उदाहरणे त्यांनी मोजली. गोरेतर संगीतकारांची निघाली ४९! त्यावर एका नियतकालिकाने त्यांच्याविरुद्ध बरेच लेख छापले. म्हणजे तिथेही लढाई आहे. पण तिथे निदान कुणीतरी मोजायला बसले. आपल्या संगीताच्या पाठ्यपुस्तकांतली नावे मोजायला कोण बसणार?

अर्जात जात कुठे बसते?

"गुणवत्ता असेल तर मिळेल" म्हणणाऱ्यांसाठी अर्जाची एकेक पायरी उलगडून दाखवतो.

पहिली पायरी शिफारसपत्रांची. साधारण तीन लागतात. जे प्राध्यापक आपल्या विषयाला विषयच मानत नाहीत, त्यांच्याकडून आपल्या बुद्धीची ग्वाही आणायची. ज्यांच्या घरी गुरूकडे जाणे-येणे आहे, त्यांना हे पत्र चहाच्या टेबलावर मिळते.

दुसरी लेखन-नमुन्याची. १५-२० पानांचा इंग्रजी शोधनिबंध. आपल्या कॉलेजांत एम.ए. होईपर्यंत असा निबंध लिहायला कुणी शिकवतच नाही. पोरगं हुशार असते, पण तो साचा त्याने पाहिलेलाच नसतो.

तिसरी पैशांची. प्रत्येक अर्जाला ७५ ते १०० डॉलरच्या आसपास शुल्क. पाच ठिकाणी अर्ज केला तर ३५-४० हजार रुपये, इंग्रजीच्या परीक्षेचे १५ हजारांहून जास्त वेगळे. निवड व्हायच्या आधीच बापाची दोन-तीन महिन्यांची कमाई गेली! अनेक विद्यापीठे मागितल्यास हे शुल्क माफ करतात, पण मागता येते हेच आपल्याला कुणी सांगत नाही.

चौथी पायरी सर्वात संतापजनक. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्या नियमांत एक अट घुसवली गेली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांवर संशोधन करायचे असेल तर ही शिष्यवृत्ती नाही. कारण काय, तर या विषयांची साधने भारतातच आहेत! म्हणजे वामनदादांवर परदेशात संशोधन करायचे असेल तर सरकारचा पैसा नाही. बेथोव्हेनवर करा, हरकत नाही. आमच्या पोरांनी आमच्या इतिहासाबद्दल जगाच्या व्यासपीठावर बोलू नये, याची ही तजवीज नव्हे तर काय? १९१६ साली हा नियम असता तर कोलंबियातला तो निबंधही या अटीत अडकला असता. त्यात भर म्हणजे २०२५ साली १०६ जणांची निवड जाहीर करून सुरुवातीला फक्त ४० जणांनाच पत्रे दिली, उरलेल्यांना निधी आला तर बघू म्हणून सांगितले. या अटीविरुद्ध आपल्या संघटनांनी किती मोर्चे काढले, हे स्वतःला विचारून पाहू या.

जखम विकू नका

ज्यांनी अर्ज करायचे ठरवले आहे, त्यांच्याशी थोडे कामाचे बोलू.

एसओपी लिहिताना एक मोह होतो. आपली गरिबी, आपली वस्ती, आपला अपमान पहिल्या पानावर मांडायचा. काही सल्लागार सांगतातही, "तुमची स्टोरी स्ट्राँग आहे, ती लिहा." आम्ही सांगतो, जपून. जात लपवू नका, पण जखमेलाच आपली पात्रता करू नका. तुम्ही कुणाचे पोर आहात यापेक्षा तुमचा प्रश्न कोणता आहे, हे आधी आले पाहिजे. नाहीतर तुम्ही प्रवेश मिळवूनही तिथे 'माहिती देणारे'च राहाल, फक्त शिवाजी पार्कऐवजी न्यूयॉर्कमध्ये.

आजोबांच्या कॅसेटचा पेटारा असेल तर आजच त्याची यादी करा. गायक, गीतकार, चाल, साल, जमेल तेवढे लिहा. एक गाणे घ्या आणि शब्द बाजूला ठेवून फक्त संगीतावर दहा पाने लिहा. स्वरलेखन शिका, भातखंडे पद्धतीचेही आणि पाश्चात्त्यही. शत्रूचे हत्यार म्हणून नव्हे, कामाचे हत्यार म्हणून. ज्या प्राध्यापकाकडे काम करायचे आहे त्याचे लेख वाचून त्याला थेट पत्र लिहा.

पैशाबाबत स्पष्ट सांगतो. अमेरिकेत एम.ए.ला सहसा पूर्ण पैसे मिळत नाहीत. घर गहाण ठेवून एम.ए.ला जाऊ नका. मोठ्या विद्यापीठांत पीएच.डी.ला निवड झाली तर फी माफ होते आणि साधारण ५ वर्षे स्टायपेंड मिळतो, पण जागा अगदी मोजक्या असतात आणि अलीकडे त्याही कमी होत आहेत. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ७५ जागा आहेत. त्या वर्षीची जाहिरात नीट वाचून आपली शाखा बसते का ते पाहा. डॉक्टरेटनंतर नोकरी लगेच मिळेल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत, तिकडेही आणि इकडेही.

आणि समुद्र ओलांडला की जात सुटेल या भ्रमातही राहू नका. २०१९ साली ब्रँडाइस विद्यापीठाला आणि २०२२ साली कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाला आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घालावा लागला, तो उगाच नव्हे.

मग चळवळीने काय करायचे?

"एवढे सगळे असताना त्या विद्यापीठांच्या दारात जायचेच कशाला? आपले गाणे आपल्या लोकांसाठी आहे," असे काही साथी म्हणतात. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. बाबासाहेब का गेले? गाणे लोकांतच राहील, ते कुणी विद्यापीठात डांबू शकत नाही. पण त्या गाण्याचा अर्थ कोण ठरवणार, पाठ्यपुस्तकात त्याची जागा कोण ठरवणार, त्याचे शिक्षक कोण नेमणार, हे विद्यापीठातच ठरते. १९९७ साली रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. आज ते आपल्या स्मरणात आहेत, सिनेमात आहेत. संगीताच्या अभ्यासक्रमात आहेत काय?

म्हणून मागण्या आणि कामे सरळ मांडतो. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतली २०२२ ची अट रद्द झाली पाहिजे, हा विषय विद्यार्थी संघटनांनी निवेदनापुरता न ठेवता रस्त्यावर आणावा. राज्यातल्या संगीत विभागांनी जलसा, भीमगीत आणि हलगी-संबळीची परंपरा संगीत म्हणून शिकवावी, 'लोककला' नावाच्या एका पेपरात कोंबू नये. ज्यांना परदेशी प्रवेश मिळाला आहे त्यांनी दरवर्षी निदान दोन नव्या अर्जदारांचे लेखन तपासून द्यावे. आणि जयंती मंडळांनो, तुमच्यासाठी एक हिशेब आहे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका मुलीच्या पाच अर्जांचे शुल्क निघते. एक वर्ष करून बघा.

पुढच्या ६ डिसेंबरलाही गायन पार्टीसमोर रेकॉर्डर घेऊन कुणीतरी बसलेले असेल. ती आपलीच पोरगी असावी. तिने आजोबांना "हे गाणे कुणी लिहिले?" असे विचारू नये, ते तिला ठाऊकच असेल. तिने विचारावे, "आजोबा, दुसऱ्या कडव्याला तुम्ही लय का चढवली?" आणि आजोबांनी ढोलकीवाल्याकडे बघून हसावे, कारण हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला असेल.

जयभीम!